याबांचा उजवा हात

माझ्या वडिलांचं नाव मिफ्लेह. पण अम्मानजवळच्या आमच्या सल्त गावात नुसतं मिफ्लेह म्हणून विचारलंत तर कोणी ओळखणार नाही. 'कॉफीवाले अबू तायल' म्हणा, मग कोणीही तुम्हाला थेट आमच्या पायऱ्यांशी आणून सोडेल. अबू म्हणजे बाप, आणि तायल हा माझा थोरला भाऊ. घरात आम्ही वडिलांना याबा म्हणतो. बाजारात त्यांचं भाजलेल्या बियांचं एवढंसं दुकान होतं, पण नाव झालं ते लग्नं, मयती आणि तंटे मिटवायच्या बैठकांमुळे. कोणाकडे माणसं जमायची असली की आधी याबांना निरोप यायचा, मग खाटकाला.

डाव्या हातात दल्ला, म्हणजे लांब चोचीची कॉफीची किटली, आणि उजव्या हातात एकात एक बसवलेले फिंजान, म्हणजे कॉफीचे छोटे पेले. फिंजानांना कान नसतात, आणि तळाशी घोटभरच कॉफी ओतायची. याबा ते बोटांत असे वाजवत यायचे की बोलणारी माणसं आपोआप गप्प व्हायची. ओतायचं डाव्या हाताने, द्यायचं उजव्या हाताने. डाव्याने फिंजान पुढे करणं म्हणजे आलेल्याला दार दाखवणं. ही गोष्ट आमच्याकडे रांगतं मूलसुद्धा जाणतं.

आणि नेमका उजवाच हात गेला.

दुकानात बिया भाजत असताना अर्धांगाचा झटका आला. सांडशी हातातून गळाली आणि याबा पोत्यांवर कलंडले. पाय पुढे बराच सुधारला, जीभ पहिल्या आठवड्यातच ताळ्यावर आली, हात मात्र छातीशी मूठ करून बसला तो बसलाच. भेटायला येणाऱ्यांना याबा सांगायचे, "देवाने जीभ ठेवली, जिचा आजवर कोणाला उपयोग झाला नाही, आणि हात नेला."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तायल बायकोमुलांसह झरक्याला राहतो, शुक्रवारी येतो, जेवतो, सल्ला देतो, जातो. उरले मी, फिद्दा. घरात बसून शाळेचे गणवेश शिवते. लग्न न झालेली वयस्क मुलगी म्हणजे घरातली शिडी. लागली की सगळे हाका मारतात, एरवी ती दाराआड उभी. तेव्हा याबांना अम्मानच्या उपचार केंद्रात न्यायचं कोणी, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

त्या केंद्रात हातासाठी यंत्रमानव आला होता. मला वाटलं होतं, डोकं-डोळे असलेलं काहीतरी असेल. बघते तर टेबलावर एक लोखंडी बाहू, कोपर ठेवायला पन्हळ आणि प्रत्येक बोटाला एकेक पट्टा. उपचार करणारा यझन तरणाबांड, सदा हसरा. याबांनी यंत्राकडे संशयाने पाहिलं.

"हे कोण?"

"माझा मदतनीस, अम्मो," यझन म्हणाला. काकाच्या वयाच्या माणसाला आम्ही अम्मो म्हणतो. "दमत नाही, कुरकुरत नाही, चहा मागत नाही."

"असलं एक घरी आहे माझ्याकडे," याबा माझ्याकडे मान वळवून म्हणाले. "फक्त ते कुरकुरतं."

समोरच्या पडद्यावर संत्र्याचं झाड होतं. मूठ मिटली की संत्रं तुटायचं, बोटं उघडली की टोपलीत पडायचं. बाजूला दोन पट्ट्या. यंत्राने किती जोर लावला ते निळी दाखवायची, माणसाने स्वतः किती लावला ते पिवळी. सुरुवातीला सगळं निळंच. यंत्रच याबांची बोटं मिटायचं, यंत्रच उघडायचं, आणि याबा दुसऱ्याचंच काम चाललंय अशा चेहऱ्याने बघत बसायचे.

मिटणं लवकर आलं. उघडणं येईना. झाडावरचं संत्रं तोडून याबा ते मुठीत धरून ठेवायचे आणि टोपली खाली रिकामी.

"तुम्ही फार कंजूस, अम्मो," यझन म्हणायचा.

"मी? गावभर कॉफी वाटलेला माणूस मी!"

"मग सोडा की. सोडा, अम्मो, सोडा. हं... सोडा."

एकदा त्याने मला जवळ बोलावलं. "हे शिकून घे, घरी लागेल. झटक्यानंतर हात धरायला आधी शिकतो, सोडायला उशिरा. आणि कधीही ओढायचं नाही. ओढलं की तो जास्त आवळतो. इथे हात लाव." मी याबांचं मनगट धरलं. दगड. कोपरापर्यंत सगळा हात ताठ. "हा आजार. यात त्यांची मर्जी चालत नाही. आता अम्मो, माझं बोट मुद्दाम घट्ट धरा बघू. लाव हात. काय लागतंय?"

मनगट मऊ होतं. कोपर सैल. फक्त बोटं आवळलेली.

"ही मर्जी," यझन म्हणाला. "फरक कळला ना?"

कळला. हातांचा फरक मला लवकर कळतो, कापडावर आयुष्य गेलंय माझं.

केंद्राचे दिवस रविवार आणि बुधवार. आमचं घर टेकडीच्या पोटात, रस्ता खाली. याबांना एकेक पायरी उतरवायची, डावा हात माझ्या खांद्यावर, उजवा मुठीत. परतताना तेच उलटं. मधे अम्मानला जाणारी छोटी बस. या बसचा ड्रायव्हर अव्वाद. बायको जाऊन काही वर्षं झालेली, दोन मुली. पहिल्याच दिवशी इतर सगळे याबांचा लुळा हात धरून त्यांना वर ओढायला धावले, तेव्हा हा माणूस खाली उतरला आणि डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. "या बाजूने या, हज्जी." तेवढंच. पण माझ्या ते लक्षात राहिलं.

याबांनी त्याला छळायला सुरुवात केली. "तुझी बस आहे की उंट? कुबडावर बसवलंयस."

"उंट असता तर त्याने वाटेत चारा तरी खाल्ला असता, हज्जी. ही नुसतं डिझेल पिते."

पुढची जागा त्यांच्यासाठी राखलेली असायची. माझ्याशी तो फारसं बोलत नसे. एकदा मी सुटे पैसे देत असताना आरशात बघत म्हणाला, "रविवारी आणि बुधवारी मी फेरी बदलून घेतो. दुसरा ड्रायव्हर फार जोरात हाकतो." मी सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले. घरी येऊन गणवेशाची कॉलर उलटी शिवली आणि पुन्हा उसवली.

मग अव्वादच्या चुलत्याने, अबू सनदने, निरोप धाडला. जाहा घेऊन यायचं म्हणतो. जाहा म्हणजे मुलीला मागणी घालायला येणारी मानाची माणसं. येतात, बसतात, त्यांच्या म्होरक्याला कॉफी दिली जाते. तो ती पीत नाही, समोर ठेवतो आणि मागणी सांगतो. मुलीच्या बापाने 'प्या तुमची कॉफी' म्हटलं की लग्न ठरलं.

तायलला आकाश ठेंगणं झालं. "चाळिशीला आलीस, फिद्दा! देवाने बस पाठवली तुझ्यासाठी, बस!"

याबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "येऊ दे त्यांना," ते म्हणाले. "पण म्होरक्याला फिंजान मी देणार. माझ्या हाताने. उजव्या."

"याबा, मुलीचा बाप कॉफी वाटत फिरतो होय? तुम्ही यजमानाचा अबाया खांद्यावर पांघरून नीट बसा. मी देतो."

"तू? तू दिलेली कॉफी मी मयतीतही प्यायचो नाही."

"आणि हात उघडला नाही तर?"

"उघडेल तेव्हा येऊ दे."

तिथे घोडं अडलं. ईद झाली की बघू. ईद झाली. ऑलिव्ह झोडून झाले की बघू. झोडून झाले, तेल डब्यांत भरलं. आमचं लग्न याबांच्या करंगळीला बांधलेलं, आणि करंगळी हलायला तयार नाही.

खरं म्हणजे केंद्रात ती हलत होती. हिवाळा लागेपर्यंत पिवळी पट्टी चढायला लागली होती. संत्रं तुटायचं, याबा भुवया आवळायचे आणि बोटं एकेक करून उलगडायची. टोपलीत धप्प. यझन टाळ्या पिटायचा, बाजूच्या टेबलावरची बाई तिच्या यंत्रातून मान काढून 'माशाल्ला' म्हणायची. मला रडू यायचं. मग आम्ही घरी यायचो, मी संध्याकाळी त्यांच्या मुठीत रिकामा फिंजान द्यायचे, तळवा पुढे करायचे, आणि काही नाही. मूठ ती मूठ.

"याबा, दुपारी तर उघडली."

"तिथे ते यंत्र होतं."

"यंत्राने काही केलं नाही. पिवळी पट्टी होती. मी बघितली."

"तुला पट्ट्या कळतात, तर तूच दे कॉफी."

मी यझनला विचारलं. तो म्हणाला, असं होतं. यंत्रात जमतं ते घरात लगेच जमत नाही, सराव ठेवा. मी सराव ठेवला. भाजी निवडून झाली की सराव, शिलाई आटोपली की सराव. मी तळवा पुढे करून बसायचे आणि याबा फिंजान धरून. दोन माणसं एका रिकाम्या पेल्याकडे बघत बसलेली. हळूहळू मला रागसुद्धा येईनासा झाला. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. अव्वादशी लग्न करायचंय की नाही, हेही मी स्वतःला विचारणं सोडलं होतं. मला फक्त कुठेतरी आडवं व्हायचं होतं, जिथे कोणी पायऱ्या उतरायला माझा खांदा मागणार नाही.

एका बुधवारी याबांना पुढच्या जागेवर बसवून अव्वाद मागे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "काका नाराज आहेत. म्हणतात, इतक्या वेळा टाळलं म्हणजे तो नकारच, फक्त तोंडाने म्हणवत नाही. मी त्यांना थोपवलंय. आता आणखी थोपवता येणार नाही, फिद्दा."

त्याने माझं नाव पहिल्यांदा घेतलं. तेही असं.

त्या संध्याकाळी मी याबांसमोर उभी राहिले. "येत्या शुक्रवारी त्यांना बोलवा, नाहीतर कधीच नको म्हणून सांगा. माझ्यात आता जीव राहिलेला नाही."

याबांनी मुठीकडे बघितलं. "शुक्रवार," ते म्हणाले. "फिंजान मीच देणार."

शुक्रवारी नमाजानंतर जाहा आली. पुढच्या खोलीत भिंतीलगत गाद्यांवर माणसं बसली. अबू सनद मधोमध, त्याच्या बाजूला इस्त्रीच्या सदऱ्यात आखडलेला अव्वाद. आम्ही बायका स्वयंपाकघरात, दार बोटभर उघडं. त्या दिवशी मुलीने पुरुषांच्या खोलीत फिरकायचंसुद्धा नसतं. मी दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते आणि तायलची बायको माझ्या कमरेवरून डोकं काढून.

कॉफी याबांनी स्वतः केली होती, वेलदोडे डाव्या हाताने कुटून. दाढी मी करून दिली होती. खांद्यावर तपकिरी अबाया. तायल कोपराशी चालत होता. डाव्या हातात दल्ला, उजव्या मुठीत एकच फिंजान. आता वाजवायला दुसरा फिंजान नव्हता, तरी खोली गप्प झाली. बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या लग्नात त्यांनी कॉफी दिली होती.

याबांनी ओतलं. थेंब सांडला नाही. वाकले, उजवा हात पुढे केला. अबू सनदने उजव्या हाताने फिंजान धरला.

फिंजान सुटेना.

अबू सनद हसला, अदबीने किंचित ओढला. सुटेना. अजून किंचित.

"अबू तायल," तो म्हणाला, "फिंजान माझाच आहे ना?"

याबा फिंजानाकडे बघत राहिले. खोलीत कुजबुज सुरू झाली. अव्वादच्या माणसांपैकी एकजण मोठ्याने म्हणाला, "कॉफी द्यायची नसेल तर घरी बोलावून अपमान कशाला? निरोप धाडायचा!"

"अहो, हात आजारी आहे त्यांचा," तायल घाबरून म्हणाला आणि त्याने करू नये नेमकं तेच केलं. याबांची बोटं धरून ओढायला लागला. कॉफी अबायावर सांडली.

अबू सनदने फिंजानावरचा हात काढून घेतला. "राहू दे, पोरा," तो म्हणाला. "आम्ही समजलो." आणि उठण्यासाठी त्याने गुडघ्यावर तळवा टेकला. अव्वादने मान खाली घातली.

मी दार ढकललं. तायलच्या बायकोने माझी ओढणी धरली होती, ती तिच्याच हातात राहिली असती तर अनर्थ होता. मी हिसका देऊन सोडवली आणि सरळ आत गेले. सगळ्यांनी नजरा खाली वळवल्या. तायलला बाजूला सारून मी याबांचं मनगट धरलं, रोज धरायचे तसं.

मनगट मऊ होतं.

मी दुसरा हात कोपराखाली नेला. सैल. फक्त बोटं आवळलेली.

म्हणजे ही मर्जी. माझ्या डोळ्यांपुढून त्या सगळ्या संध्याकाळी गेल्या. मी तळवा पसरून बसलेली, आणि समोर हा माणूस फिंजान धरून. संताप आला, इतका की तो फिंजान तिथेच फोडावासा वाटला. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. झटक्याच्या दिवशी पोत्यांवर पडले होते तेव्हाही मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आणि माझा राग कुठे गेला मला कळलं नाही.

"हात आजारी आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "असा अडकतो कधी कधी. घटकाभर थांबा, अम्मो अबू सनद. तुमचा मान कुठे जात नाही."

अबू सनद गुडघ्यावर हात ठेवून तसाच थांबला.

मी वाकून याबांच्या कानाशी गेले. "याबा, सोडा."

त्यांचा आवाज मलाच ऐकू आला. "आणि मग?"

"मग रविवारी बस आहेच की. बुधवारीही आहे. मी घेऊन जाणार, नाहीतर कोण? ती बस कोणाची आहे, विसरलात?"

"आणि बाकीचे दिवस?"

खोटं बोलले असते तर त्यांनी ओळखलं असतं. "बाकीच्या दिवसांचं मला माहीत नाही," मी म्हणाले. "सोडा, याबा. मी थकले."

आधी करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. अबू सनदने खाली हात धरला आणि फिंजान त्याच्या तळव्यात आला, घोटातली निम्मी कॉफी सांडलेली. मी तिथून निघाले ते मागे वळून न बघता. अबू सनदने फिंजान समोर ठेवल्याचा आवाज आला, मग त्याचा मागणीचा सूर, आणि शेवटी याबांचा आवाज, "प्या तुमची कॉफी, अबू सनद. थंड झाली असेल तर दुसरी देतो."

बायकांनी स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. पुढच्या खोलीत तायल जो ऐकेल त्याला सांगत होता की यंत्राने कमाल केली बुवा, उगाच नाही म्हातारा एवढ्या फेऱ्या मारत. मी पिठाच्या पिंपावर टेकले. माझ्या बोटांना वेलदोड्याचा वास येत होता. कोणीतरी मला मिठी मारली, कोणीतरी पाणी दिलं. मला आनंद झाला होता का, कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

रविवारी आम्ही नेहमीसारखे केंद्रात गेलो. यझनने पट्टे बांधता बांधता विचारलं, "काय अम्मो, दिला का फिंजान?"

"दिला," याबा म्हणाले.

"वा! हात उघडला ना नीट?"

याबांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "जड गेलं," ते म्हणाले.

यझनने यंत्र सुरू केलं. संत्रं तुटलं, टोपलीत पडलं. दुसरं तुटलं, पडलं. तिसरं. निळी पट्टी रिकामी होती आणि पिवळी काठोकाठ. यझन टाळ्या पिटत ओरडला, "फिद्दा, बघ ना! बघ, कसे भराभर सोडतायत!"

"बघतेय," मी म्हणाले.